पोटात ठेवलेली गोष्ट

आपल्या स्मरणिकेत मी आजवर दोनदाच लिहिलं आहे. एकदा अनारशांची कृती आणि एकदा लेक डिस्ट्रिक्टच्या सहलीचं वर्णन. यंदा संपादकांनी फोन करून "या वेळी रेसिपी नको हं, एखादा अनुभव लिहा" असं बजावलं, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. संसार, नोकरी, मुलगी आणि दर वर्षीचा गणपती, यापलीकडे आमचे कसले आलेत अनुभव! पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट काही केल्या मनातून जाईना. ती मी पंचवीस वर्षं पोटात ठेवली होती. २०२५ च्या संक्रांतीला ती पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली. आता पडलीच आहे तर लिहूनही टाकते. कुणाच्या तरी लेकीसुनेला उपयोगी पडेल.

त्या वर्षीचं हळदीकुंकू नेहमीप्रमाणे शाळेच्या हॉलमध्ये होतं. बाहेर कडाक्याची थंडी, आत काठापदराच्या साड्यांवर कार्डिगन, आणि किचनमध्ये मी आणि आणखी दोघी मोठ्या पातेल्यातला चहा गाळत होतो. तेवढ्यात माझी भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी. स्किल्ड वर्कर व्हिसावर ती इथे आली आणि रेडिंगला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मावशी, एक सांगायचंय. पण इतक्यात कुणाला बोलू नकोस."

तिचा चेहरा पाहूनच मी ओळखलं. दहावा आठवडा होता. मी तिथल्या तिथे तिच्या तोंडात तिळगूळ घातला. पण तिच्या डोळ्यांत आनंदाबरोबर काळजीही दिसत होती.

"ऑफिसात सांगितलं नाहीये," ती म्हणाली. "रीस्ट्रक्चरिंग होणार अशी कुजबुज आहे. आत्ता सांगितलं तर यादीत पहिलं नाव माझंच लागेल. आईसुद्धा म्हणते, तीन महिने होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. आणि माझा व्हिसाही कंपनीवरच आहे. त्यापेक्षा पोट दिसायला लागेपर्यंत गप्प बसते. तोवर सगळं निभावून जाईल. बरोबर ना?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "रविवारी दोघं घरी जेवायला या," एवढंच मी म्हणाले. तिला जे सांगायचं होतं ते चहा गाळता गाळता सांगण्यासारखं नव्हतं.

मी १९९७ साली लग्न होऊन इथे आले. साताऱ्याजवळचं आमचं गाव, शिक्षण बी.कॉम. आमचे हे वर्क परमिटवर होते, मी त्यांची डिपेंडंट. मला नोकरी करायची परवानगी होती. सुरुवातीची दोन वर्षं मिळेल ते काम केलं आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची जागा मिळाली. मालक धरून मोजून सहा माणसं. आठवड्याला २२० पौंड पगार. पहिल्या पे-स्लिपची झेरॉक्स काढून मी बाबांना पोस्टाने पाठवली होती. त्यांनी ती शेजारच्या चार घरांत दाखवली म्हणे.

२००० च्या फेब्रुवारीत मला दिवस राहिल्याचं कळलं. ऑक्टोबरची तारीख दिली होती. मीही भाचीसारखाच विचार केला. गप्प बसले. जास्त नेटाने काम केलं, उशिरापर्यंत थांबले, उलट्या होत होत्या तरी कुणाला कळू दिलं नाही. मे महिन्यात मात्र लपेना.

एका शुक्रवारी मालकांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता हो. सगळ्यांच्या वाढदिवसाला आठवणीने कार्ड द्यायचा. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, अभिनंदन केलं. मग म्हणाला, आमची छोटी कंपनी, तुझी जागा रिकामी ठेवणं आम्हाला परवडणार नाही. शिवाय तुमच्या संस्कृतीत आई बाळाजवळ घरीच असते ना? तू स्वतःहून सोडलंस तर मी उत्तम रेफरन्स देईन. टेबलावर पत्र टाइप करून तयार होतं. वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे, असं त्यात लिहिलेलं. मी सही केली. आणि सही करून वर "थँक्यू" म्हणाले!

ते "थँक्यू" मला आजही ऐकू येतं.

घरी आले आणि यांच्यापाशी रडले. हेही घाबरले. तेव्हा वर्क परमिटवर चार वर्षं झाली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येत असे आणि आमचं दीड वर्ष राहिलं होतं. "जाऊ दे, आपण परक्या देशात आहोत. वाद घातला आणि परमिटवर आलं तर?" हे म्हणाले. विचारावं तरी कुणाला? ओळखीचे सगळे आमच्यासारखेच नवखे. मग मीही म्हटलं, जाऊ दे.

सप्टेंबरमध्ये आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. सामानात डिंक, अळीव, खारीक आणि बाळाला गुंडाळायला तिच्या जुन्या साड्यांची दुपटी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. एका दुपारी लाडू वळता वळता तिने विचारलं, "तुझी रजा कधीपासून गं?" मी सांगितलं, नोकरी सोडली. ती वळायची थांबली. "अगं, तुमच्या दोघींच्या वेळेला शाळेने मला तीन तीन महिने पगारी रजा दिली. परत गेले तर माझा वर्ग माझाच होता. आणि हा तर साहेबाचा देश!"

मी म्हटलं, "कुणी काढलं नाही गं. मीच सोडली. बाळाकडे कोण बघणार?"

ते पहिलं खोटं. मग ते पाठच झालं. पत्रांतून, फोनवर, मंडळात, सगळीकडे मी तेच सांगत राहिले. लोकांना ते आवडायचंही. मंडळाच्या एका कार्यक्रमात तर मुलांसाठी करिअरचा त्याग करणाऱ्या आमच्यासारख्या मातांचं भाषणातून कौतुक झालं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या ऐकल्या. मला काढलं, आणि मी सही करून दिली, यापेक्षा त्याग हा शब्द केव्हाही बरा होता.

मुलगी नर्सरीत जायला लागल्यावर मी संध्याकाळचा पेरोलचा कोर्स केला आणि २००४ मध्ये एका मोठ्या संस्थेच्या पेरोल विभागात लागले. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. मॅट बी वन. गरोदरपणाचा विसावा आठवडा आला की मिडवाइफ किंवा डॉक्टर तो देतात. त्यावर बाळंतपणाची अपेक्षित तारीख असते आणि त्यावरून पेरोलवाले मॅटर्निटी पे ठरवतात. माझ्या वरच्या बाईंनी मला हिशोब शिकवला. मी यंत्रासारखी आकडे भरत गेले. पण २००० सालचा तो फॉर्म माझ्या फायलीत तर कधी आलाच नव्हता!

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी वही घेतली आणि स्वतःचा हिशोब मांडला. २००० साली मॅटर्निटी पे १८ आठवड्यांचा होता. पहिले ६ आठवडे पगाराच्या नव्वद टक्के, म्हणजे माझे आठवड्याला १९८ पौंड. पुढचे १२ आठवडे ठरावीक ६०.२० पौंड. एकूण १९१०.४० पौंड. सलग २६ आठवडे नोकरीची जी अट होती ती मी जूनमध्ये आरामात पुरी केली असती. सही केली मे महिन्यात.

पैशाचं एक वेळ सोडा. मला जास्त लागलं ते पुढचं. हा पैसा मालकाच्या खिशातून जातच नाही. मोठ्या कंपन्यांना त्यातला बहुतेक भाग सरकारकडून परत मिळतो आणि नॅशनल इन्शुरन्स कमी भरणाऱ्या छोट्या मालकांना तर पूर्ण रक्कम, वर थोडी भर घालून. हा नियम तेव्हाही होता. म्हणजे "परवडणार नाही" हे वाक्यच खरं नव्हतं. कदाचित मालकाला स्वतःलाही ते माहीत नसेल. दोन अडाणी माणसं समोरासमोर बसली आणि त्यातल्या एकीची नोकरी गेली, असं मी म्हणते!

आणि गरोदर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदाच होतं. नोकरीचा पहिला दिवस असो की दहावं वर्ष, १९९४ पासून या देशात ते संरक्षण प्रत्येकीला आहे. त्याच वर्षी कॅरोल वेब नावाच्या बाईंच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला होता. त्यांना दुसऱ्या एका बाईच्या बाळंतपणाच्या रजेत काम बघायला घेतलं होतं, आणि काही आठवड्यांत त्यांनाच दिवस राहिल्याचं कळलं. कंपनीने काढलं. इथली न्यायालयं म्हणत होती, एखादा पुरुष तेवढेच महिने आजारी पडला असता तर त्यालाही काढलं असतं, मग यात भेदभाव कसला? युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, गरोदरपण हा आजार नव्हे, त्याची तुलना आजारी पुरुषाशी करायचीच नाही. हे सगळं मी सही करण्याच्या सहा वर्षं आधी घडून गेलं होतं.

पेरोलमध्ये बसून मग मी कायदा पुढे सरकताना पाहिला. मी लागण्याआधीच, एप्रिल २००३ मध्ये, पगारी रजा २६ आठवड्यांची झाली होती आणि बापांनाही दोन आठवडे मिळाले होते. एप्रिल २००७ पासून ती ३९ आठवडे झाली. २०१५ मध्ये आईबापांना रजा वाटून घेता येऊ लागली. दर एप्रिलला नवे आकडे संगणकात भरताना मला बरं वाटायचं आणि थोडं चुरचुरायचंही.

या विषयाचं वाचायची मग गोडीच लागली. आमच्या यांची आजी लालबागला एका कापड गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला होती. सासूबाई सांगायच्या, आजींना बाळंतपणाचे पैसे गिरणीकडून मिळाले होते. मला ती दंतकथा वाटायची. पण ते खरं असणार. १९२९ साली मुंबई प्रांतात गिरणी कामगार स्त्रियांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. हिंदुस्थानातला तो तसा पहिलाच. त्याआधी ना. म. जोशींनी, म्हणजे ज्यांच्या नावाचा रस्ता लोअर परळला आहे त्यांनी, १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असं बिल आणलं होतं, ते नामंजूर झालं. मग मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी बिल मांडलं आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, पण स्त्रियांच्या कामाचा फायदा मालकाला होतो तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. पंचाण्णव वर्षांहून जुनं ते भाषण, पण मला वाटलं, हे त्या शुक्रवारी माझ्या मालकाला कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

आणि साहेबाच्या देशाचं म्हणाल तर इथेही काही आभाळातून पडलं नाही. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बाळंतिणीला चार आठवडे कामावर घ्यायला बंदी केली, पण त्या चार आठवड्यांचा पगार नाही. म्हणजे विश्रांती सक्तीची आणि चूल थंड! सरकारी नोकरीत तर १९४६ पर्यंत लग्न झालं की बाईला राजीनामा द्यावा लागे. बाळंतपणानंतर आपल्या जागेवर परत येण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने आला, तोही तेव्हा दोन वर्षं नोकरी झालेल्यांनाच. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे मिळत होते, २०१७ मध्ये ते पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाले. पण एअर इंडियात पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी जायची. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या मैत्रिणी कोर्टात गेल्या आणि १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला.

आपण डॉलिस हिलला महाराष्ट्र भवनात कार्यक्रमाला जातो ना, त्याच भागात १९७६ च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई नावाची साडीतली एक ठेंगणी गुजराती बाई ग्रनविकच्या फोटो कारखान्यातून उठून बाहेर पडली. जवळजवळ दोन वर्षं संप चालला. तो त्या हरल्या. तरी आज त्यांचं नाव निघतं. त्यांच्यासारखीच इथे आलेली, त्यांच्यासारखीच साडी नेसणारी मी, मी मात्र सही करून थँक्यू म्हणाले होते. कायदा कुणीतरी भांडून मिळवलेला असतो, पण तो आपल्या दारी स्वतः चालत येत नाही. आपण बोललो तरच तो आपला.

तर तो रविवार. भाची आणि तिचा नवरा आले. आमची मुलगीही त्या दिवशी घरी होती. चोवीस वर्षांची आहे, लंडनला नोकरी करते. जेवणं झाल्यावर मी भाचीला म्हटलं, "तू गप्प बसायचं म्हणतेस ना, त्याची गोष्ट ऐक." आणि सगळं सांगितलं. तो शुक्रवार, ते टाइप केलेलं पत्र, ते थँक्यू, वहीतले १९१०.४० पौंड.

कुणीच काही बोलेना. मग हे म्हणाले, "जाऊ दे मी म्हटलं होतं. मला वाटलं, तू विसरलीस." पंचवीस वर्षांत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

पण मला खरा धक्का बसला तो मुलीच्या प्रश्नाने. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं?"

मला आधी कळेचना. मग ती बोलत गेली. लहानपणापासून ती ऐकत आली होती की तुझ्यासाठी आईने नोकरी सोडली. मी ते कौतुकाने सांगायची, नातेवाईक सांगायचे, मंडळातल्या काकवा सांगायच्या. तिने ते कर्ज म्हणून डोक्यावर घेतलं होतं. परीक्षेत मार्क कमी पडले की तिला वाटायचं, आईने एवढं सोडलं आणि मी हे केलं. मी स्वतःची लाज झाकायला एक खोटं बोलले आणि त्याचं ओझं एका पोरीने चोवीस वर्षं वाहिलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुझ्यामुळे काहीच गेलं नाही गं. जे गेलं ते मी विचारलं नाही म्हणून गेलं." ती रडली, मीही रडले. भाचीचा नवरा बिचारा उठून भांडी विसळायला गेला.

मग आम्ही कामाला लागलो. मी भाचीला आधी एकच गोष्ट समजावली, आणि मंडळी, ती तुम्हीही नीट लक्षात घ्या. आपल्याला वाटतं, गप्प राहिलं की सुरक्षित राहिलं. कायदा नेमका उलटा चालतो. कंपनीला माहीत असेल तरच त्याचं छत्र तुमच्या डोक्यावर येतं. ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये असा नियम आहे की नोकरकपात होत असेल तर, तुम्ही गरोदर असल्याचं कंपनीला सांगितल्या दिवसापासून बाळाच्या जन्मानंतर दीड वर्षापर्यंत, कंपनीत योग्य अशी दुसरी जागा रिकामी असेल तर ती आधी तुम्हाला देऊ करावी लागते. पूर्वी हे फक्त रजेवर असतानाच होतं. नोकरी जाऊच शकत नाही असा याचा अर्थ नाही. खरोखरच जागा नसेल तर जाऊ शकते. पण यादीत नाव घालायला गरोदरपण हे कारण चालत नाही. तपासणीला जायला पगारी वेळ मिळतो, तोही सांगितल्यावरच. आणि कंपनीला माहीतच नव्हतं तर गरोदर म्हणून काढलं हे सिद्ध कसं करणार?

कायद्याने बाळंतपणाच्या तारखेच्या पंधरा आठवडे आधीपर्यंत सांगितलं तरी चालतं. त्यामुळे एरवी तीन महिन्यांची आपली रीत पाळायला काहीच हरकत नाही. मीही ती मोडा म्हणणार नाही. पण कपातीची कुजबुज असेल तर ऑफिसात सांगणं आणि जगाला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचआरला गुपित राखायला सांगता येतं. देवापुढे साखर ठेवा, आणि एचआरला ईमेल करा!

तो ईमेल आमच्या डायनिंग टेबलावरच लिहिला. चार ओळींचा. दुसऱ्या दिवशी तो गेला. एप्रिलमध्ये कपात झाली आणि तिच्या टीममधल्या चार जागा गेल्या. त्यांत तिचीही होती. पण दुसऱ्या टीममध्ये तशाच कामाची एक जागा रिकामी होती, ती कंपनीने तिला देऊ केली. तिचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. "मावशी, बाकीच्या तिघांना नाही मिळाली गं. मला लाजल्यासारखं होतंय." मी म्हटलं, लाज वाटणं माणुसकीचं आहे, वाटू दे. त्यांच्यासाठी काही करता आलं तर जरूर कर. पण ही जागा कुणी तुला मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. नऊ महिन्यांच्या पोटाने इंटरव्ह्यू देत फिरायची वेळ आई होणारीवर येऊ नये, म्हणून तो कायदा आहे.

सगळ्यांचं असं निभावत नाही, हेही खरं. इथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने सरकारबरोबर केलेला मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण नऊ आयांमागे एकीने सांगितलं की आपल्याला काढलं, इतरांना वगळून नोकरकपातीत घातलं, किंवा असं वागवलं की सोडण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. ट्रायब्युनलपर्यंत जाणाऱ्या मात्र शंभरात एकही नाही. बाकीच्या सगळ्या माझ्यासारख्याच, पोटात ठेवून बसलेल्या.

म्हणून पेरोलवाली या नात्याने चार गोष्टी सांगते. रजा ५२ आठवड्यांची आहे आणि ती नोकरदार बाईला पहिल्या दिवसापासून मिळते. मॅटर्निटी पे ३९ आठवड्यांचा, त्यातले पहिले ६ आठवडे पगाराच्या नव्वद टक्के आणि पुढचे ३३ ठरावीक दराने किंवा नव्वद टक्क्यांनी, जे कमी असेल ते. त्यासाठी तारखेच्या पंधरा आठवडे आधीपर्यंत त्याच नोकरीत सलग २६ आठवडे व्हावे लागतात आणि पगार किमान मर्यादेइतका असावा लागतो. तेवढे झाले नसतील तर सरकारचा मॅटर्निटी अलाउन्स असतो, त्याची चौकशी करा. पहिल्या २६ आठवड्यांत परत आलात तर तीच जागा. नंतर आलात तरी तीच, आणि ते खरोखर शक्य नसेल तर तशीच दुसरी. रजेच्या काळात वार्षिक सुट्टीही साठत राहते.

आणि व्हिसाची भीती. व्हिसावर "पब्लिक फंड्स नाहीत" असा शिक्का असतो म्हणून कितीतरी मुली मागतच नाहीत. मॅटर्निटी पे आणि मॅटर्निटी अलाउन्स हे त्या पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत. ते तुमच्या नोकरीचं आणि कमाईचं फळ आहे. कायदेशीर मॅटर्निटी रजा घेतली म्हणून कंपनीला स्पॉन्सरशिप काढून घ्यावी लागत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, टाइप केलेल्या कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही करू नका. "घरी नेऊन वाचते" एवढं म्हणायला इंग्रजी फार यावं लागत नाही. युनियन असेल तर तिथे, नाहीतर एकास, सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा मॅटर्निटी ॲक्शन यांना लगेच विचारा. ट्रायब्युनलची मुदत फार थोडी असते आणि "जाऊ दे" म्हणता म्हणता ती निघून जाते. नवऱ्यांनाही माझी विनंती आहे. "जाऊ दे" म्हणण्याआधी एक फोन करून बघा.

ऑगस्टमध्ये भाचीला मुलगा झाला. बारशाला बहीण भारतातून आली होती. पाळणा म्हणून झाल्यावर तिने मला कोपऱ्यात गाठलं. "ताई, एवढी वर्षं मला तरी सांगायचंस," म्हणाली. मी तिला काय सांगणार? आईला सांगायचं मात्र राहूनच गेलं. आई २०११ मध्ये गेली. मुलीने नोकरी स्वखुशीने सोडली असंच ती समजत राहिली आणि मला वाटतं, ते तिला कधीच पुरतं पटलं नव्हतं. लाडू वळायची थांबली होती ना ती, ते मला आठवतं.

आमच्या मुलीने त्यानंतर ती जुनी वही माझ्याकडून मागून घेतली. तिच्याकडे असू दे म्हणते.

असो. संपादकांनी अनुभव मागितला होता, तो दिला. पुढच्या वर्षी मात्र मी रेसिपीच देणार. डिंकाच्या लाडवांची, आईच्या हातची.